महेबूबभाईंचा उजवा पाय

"गाडीला काहीच न्हाई, गुरुजी. तुमचाच पाय लटलट करून राहिलाय."

महेबूबभाई एवढं बोलून गाडीतून उतरले आणि गॅरेजमध्ये बसलेली दोन-तीन गिऱ्हाइकं फिसकन हसली. चन्नबसप्पा गुरुजीही हसले. हसले म्हणजे काय, चारचौघांत मान राहावा म्हणून माणूस हसतो तसं. टोपी काढून कपाळ पुसलं, पुन्हा घातली.

"असंल बाबा," ते म्हणाले. "सत्तरी गाठली आता. पण ब्रेकवर पाय ठिवला की पायडल खालून हाणतंय. धक, धक, धक. हिला पण जाणवतंय बाजूला बसून."

पार्वतीबाईंनी खिडकीतून मान हलवली. "हाव हो. अंगाला कळतंय."

"माय, रस्ता हाणतोय, पायडल न्हाई," भाई म्हणाले. "आत्ता पुलापर्यंत जाऊन आलो की मी. अनवाणी पायानं. लोण्यावानी चालतंय पायडल."

झालं. विषय संपला. नांदेडला लातूर फाट्यावर ज्याचं कुणाचं चारचाकीशी नातं आहे त्याला विचारा, महेबूबभाईंनी अनवाणी पायानं बघितलं म्हणजे पुढं बोलायचं नसतं. तीस वर्षांची रीत होती ती. गाडी थरथरते, ओढते, पायडल धडधडतं, काहीही तक्रार असो, भाई उजव्या पायातली चप्पल काढणार, स्टेरिंगखाली शिरणार आणि गोदावरीच्या पुलापर्यंत एक चक्कर मारून येणार. आले की एकच वाक्य: "पुढचं डावं चाक, डिस्क वाकडी." किंवा "मागचा ड्रम." खोलून बघितलं की तेच निघायचं. बिलोलीपासून शिरूर अनंतपाळपर्यंतचे लोक त्या एका तळव्यासाठी यायचे. माझे मालक, म्हणजे नवरा, होते तेव्हा गमतीनं म्हणायचे, महेबूबच्या पायाला डोळे आहेत.

मी मंजुषा. गॅरेजला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान. मालक जाऊन अकरा वर्षं झाली. त्या वेळी दुकान विकून माहेरी जा म्हणणारे शंभर होते, आणि "भाभी, डिस्क कशाला म्हणतात आन् ड्रम कशाला, मी शिकवतो, तुम्ही काउंटरवर बसा" म्हणणारा एकच होता. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं मी जे सांगणार आहे त्यात माझं तोंड काळं आहे.

गुरुजींनी गाडी चालू केली. वीस वर्षांची पांढरी गाडी, पण ठेवलेली अशी की आरशासारखी. दोघं लेकीला भेटायला नांदेडला आले होते आणि आता परत शिरूर अनंतपाळला निघाले होते. निघताना गुरुजींनी काच खाली करून मला हाक मारली, "येतो गं, मंजुषाबाई. माळेगावला खंडोबाला हात जोडू आन् दिवसाउजेडी घर गाठू." खंडोबाला टाळून ते कधी पुढं जायचे नाहीत. आम्हा लिंगायतांची लेक दिली आहे त्या देवाला, जावयाच्या दारावरून तसंच जायचं असतं का, असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आज ते वाक्य त्यांनी म्हटलं नाही. पायाची थट्टा लागली होती म्हाताऱ्याला. मला दिसलं ते.

तेव्हा अकरा वाजले होते.

वीसेक मिनिटांनी भाई माझ्या दुकानात ब्रेकचे पॅड मागायला आले. मी आत्ताच फरशी पुसून बाजूला झाले होते. बघते तर पांढऱ्या फरशीवर लाल ठिपके, दारापासून काउंटरपर्यंत.

"भाई! अहो आत्ता कंबर मोडून पुसली की मी! पान थुंकलात का काय?"

"म्या कुठं पान खातो, भाभी?"

त्यांनीही खाली बघितलं. ठिपके नव्हते ते. पाऊल होतं. एकाच पायाचं, उजव्या. भाईंनी पाय उचलून तळवा वर केला. टाचेच्या पुढं, मऊ भागात, कुठल्या तरी गाडीच्या लाल दिव्याची काच रुतलेली. बोटाच्या पेराएवढी. अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि रक्त टपटप गळतंय.

"अगं बाई! बसा, बसा खाली!"

ते बसले नाहीत. एका पायावर उभे राहून काचेकडे बघत राहिले. मग दोन बोटांनी काच धरली आणि उपसून काढली. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. मला वाटलं, काय हिंमत आहे माणसाची. पण त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं तेव्हा कळलं, हिंमत नव्हती ती. डोळ्यांत नुसती भीती होती.

"भाभी," ते हळू बोलले, "हे कधी घुसलं?"

आता माझं ऐकून घ्या. महिन्यापूर्वी रईसाभाभी, म्हणजे भाईंची बायको, माझ्याकडे आली होती. रडवेली. म्हणाली, साखरेच्या आजारानं ह्यांचा पाय सुन्न होत चाललाय, चप्पल दारातच गळते आणि हे तसेच घरात येतात, परवा तापलेल्या चिमट्यावर पाय दिला तरी कळलं नाही. "मेरी तो सुनते नहीं. तू बोल." मी हो म्हणाले. आणि बोलले नाही. मूग गिळून बसले. का? कारण भाईंचा पाय गेला हे फाट्यावर कळलं तर गॅरेजला येणार कोण? आणि गॅरेजला कुणी आलं नाही तर माझ्या काउंटरवर तरी कोण येणार? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती झाकलेलीच ठेवली. चप्पल मीही दोनदा उचलून त्यांच्या पायाशी ठेवली होती, काही न बोलता. हा माझा शहाणपणा.

"भाभी," भाई पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "मला काच कळली न्हाई. मग पायडल कसं कळलं असंल?"

मी काही बोलायच्या आत तेच ओरडले, "या अल्लाह! गुरुजी!"

फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत कुणी नाही. गुरुजींचा नियम मला ठाऊक होता. गाडी चालवताना फोन पार्वतीबाईंच्या पिशवीत आणि पिशवी मागं डिकीत. नियमानं चालणारी माणसं. पाच वेळा लावला, सहा वेळा लावला. लेकीचा नंबर आमच्यापाशी नव्हता.

"काय असंल हो गाडीला?" मी विचारलं. "नुसती डिस्क वाकडी असली तर पोचतील की घरी."

"नुसती डिस्क असली तर पोचतील. पण बाजूला बसलेल्या बाईच्या अंगाला कळतंय म्हंजे लई दिवसाचं हाय. हादरून हादरून आतले बोल्ट ढिले पडतेत. एखादा गळाला आन् ब्रेकचा सांगाडा चाकात अडकला, तर चाक जाग्यावर जाम. माळेगावच्या पुढं उतार हाय, भाभी."

गॅरेजमध्ये दुरुस्त होऊन उभी असलेली एक गाडी होती. मी म्हटलं, घ्या ती, चला. भाईंनी चावी उचलली, दारापर्यंत गेले आणि थांबले. चावी परत खिळ्याला अडकवली.

"मी कसा चालवू? ब्रेकवर पाय हाय का न्हाई, हेच मला कळत न्हाई," ते म्हणाले. "आन् सहा महिने मी लोकांच्या गाड्या पुलावरून फिरवून राहिलो."

गिऱ्हाइकं निघून गेली होती, दुसरं चालवणारं कुणी नव्हतं, आणि मला चारचाकी येत नाही. मेली कधी शिकलेच नाही, आयुष्य गेलं तिचे पार्ट विकण्यात. माझी स्कूटी होती. भाईंच्या पायाला रुमाल करकचून बांधला, त्यांची उजवी चप्पल पान्ह्यांच्या पिशवीत टाकली, पिशवी आणि जॅक पायापाशी घेतला, आणि चाळीशी ओलांडलेली विधवा बाई आणि साठीचा मिस्त्री असे आम्ही दुपारच्या उन्हात लातूर रोडला लागलो. बघणाऱ्यांनी बघितलं असेल. बघू देत.

विष्णुपुरी गेलं. एप्रिलचं ऊन, डांबरातून वाफा निघत होत्या. डोळ्यांत माती, ट्रक अंगावर येत होते. भाई मागं बसून सारखं बोलत होते. माझ्याशी नाही, स्वतःशीच.

"म्हाताऱ्याला हसलो मी. त्याचा पाय खरा होता. चार लोकांत हसलो त्याला."

"भाई, गप्प बसा हो. मला गाडी चालवू द्या."

"ऐकायचं तरी व्हतं. कधीपासून हाणतंय, टायर कुठं बदलला, काय इचारलं मी? काहीच इचारलं न्हाई. लोण्यावानी म्हणालो. लोण्यावानी!"

गुरुजी चाळिसाच्या वर गाडी नेत नाहीत, हीच एक आशा होती. सोनखेडला थांबून मी लोह्याच्या रुद्रेशला फोन केला. त्याचंही पार्टचंच दुकान आहे, रस्त्याला लागून. म्हटलं, बाबा, दुकान टाकून रस्त्यावर उभा राहा. पांढरी जुनी गाडी, टोपीवाले आजोबा, बाजूला आजी. थांबव त्यांना, पण गाडीच्या आडवा जाऊ नको, त्यांना कचकन ब्रेक लागला नाही पाहिजे. बाजूनं हात कर.

लोह्यात शिरलो तर रुद्रेश भर रस्त्यात घामानं निथळत उभा.

"गेले का?" मी ओरडले.

"वहिनी, पांढऱ्या गाड्याच पांढऱ्या गाड्या हायत इथं! चार थांबवल्या, एकीत साहेब निघाला, शिव्या खाल्ल्या. मग आली तुमची. टोपीवाले आजोबा. म्या दोन्ही हात केले बगा."

"मग?"

"त्यांनी पण हात केला. नमस्कार केला आन् गेले."

मला हसू आलं आणि रडूही. गुरुजींनी आयुष्यभर कुणाचा नमस्कार परत केल्याशिवाय सोडला नाही, तो आज तरी कसा सोडतील! भाई मागं कपाळ बडवत होते. "किती वेळ झाला?" "पंधरा मिनिटं." मी पुन्हा स्कूटी पळवली. रुद्रेश मागून ओरडला, काही लागलं तर फोन करा.

लोहा ते माळेगाव मी कशी गेले मला विचारू नका. एकच दिसत होतं, रस्त्याच्या कडेला गर्दी आणि मध्ये पांढरी गाडी. पुढं कुठं चार माणसं उभी दिसली की मी मूठ आणखी पिळायचे. जवळ गेलं की टरबुजाची हातगाडी निघायची. खंडोबाला मी मनातल्या मनात काय-काय बोलले! म्हटलं, देवा, तुझी सासुरवाडीची माणसं आहेत, थोडा वेळ बसवून ठेव. एक भंडारा जास्त लावून घे त्यांच्याकडून, पण बसवून ठेव. भाईंचंही मागं काहीतरी पुटपुटणं चालू होतं. त्यांचंही मागणं तेच असणार.

माळेगावला पोचलो तर यात्रेचं ते मोठं मैदान ओसाड होतं. देवळाच्या अंगाला लिंबाच्या सावलीत दोन जीप उभ्या होत्या. पांढरी गाडी नव्हती.

"गेली," भाई म्हणाले. एवढंच.

तेवढ्यात मैदानाच्या पलीकडच्या टोकाला धूळ उठलेली दिसली. गाडी पहिल्या गिअरात, गोगलगायीसारखी, रस्त्याकडे निघाली होती. मी स्कूटी मैदानात घातली. आडवं जाऊन थांबवावं म्हणून हँडल वळवलं तर भाईंनी मागून माझा खांदा गच्च धरला.

"समोर नको! ब्रेक मारतील! बाजूनं घ्या, बाजूनं!"

आम्ही गाडीच्या बरोबरीला आलो. काच वर होती. आत गुरुजी ताठ बसून रस्त्याकडे बघतायत, कपाळावर भंडारा. भाईंनी काचेवर थाप मारली. गुरुजी दचकले.

"ब्रेक मारू नका! गुरुजी, पाय काढा! हँडब्रेक वढा, हळू! हँडब्रेक!"

घाबरलेला माणूस आधी ब्रेकच दाबतो. पण गुरुजी सांगितलेलं ऐकणारे. त्यांनी पाय काढला, हँडब्रेक सावकाश ओढला. रस्त्याला लागायच्या आधी, कदाचित दहा पावलं आधी, गाडी उभी राहिली.

मी स्कूटीवरून उतरले आणि धुळीतच बसले.

"काय झालं, महेबूब?" गुरुजी उतरले. "आन् पायाला काय हे?"

भाई त्यांच्यापुढं उभे राहिले. हात जोडलेले. "गुरुजी, तुमचा पाय खरा हाय. माझा मेलाय. सहा महिन्यांपासून मेलाय आन् मी कुणाला सांगितलं न्हाई. सकाळी तुम्हाला हसलो, माफ करा."

"मलापण ठाऊक होतं," मी खालूनच म्हणाले. "मीपण सांगितलं नाही."

पार्वतीबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आता सांगा मला सगळं. सकाळी सांगत व्हता तसं," भाई म्हणाले. "आत्ता हँडब्रेक वढला तवा थरथरलं का?"

"न्हाई."

"हँडब्रेक मागच्या चाकांनाच धरतो. म्हंजे मागचं बरं हाय, खोड पुढं हाय. स्टेरिंग थरथरतंय? कुठल्या हाताला?"

"डाव्या. उतारावर जास्ती. चाकाच्या फेऱ्याला एक, असं मोजून हाणतंय."

"नवा टायर कधी टाकला?"

"दोन महिने झाले. रस्त्यावरच, पंक्चरवाल्याकडं. मशीननं टर्रर्र करून नट आवळले त्यानं."

भाईंनी डोळे मिटले. "एक नट कमी, एक जास्ती आवळला की डिस्क वाकडी बसते. तवापासून हादरून राहिलंय." जन्मभर तळव्यानं वाचलेलं ते आज दुसऱ्याच्या तोंडून, एकेक अक्षर लावत वाचत होते. मी जॅक लावला. भाईंनी पुढचं डावं चाक काढलं.

चाकाच्या आत डिस्कला चिमटा धरून बसलेला असतो ना लोखंडी सांगाडा, कॅलिपर म्हणतात त्याला, तो दोन बोल्टवर उभा असतो. एका बोल्टची जागा रिकामी होती. दुसरा भाईंनी बोटानं फिरवला. पान्हा लागलाच नाही. दीड आट्यात तो त्यांच्या तळहातावर आला.

पुढचा उतार तिथून दिसत होता, दोन्ही बाजूंना दगड आणि मध्ये चकाकणारं डांबर. गुरुजी त्या बोल्टकडे आणि मग बायकोकडे बघत राहिले. पार्वतीबाईंनी हात जोडले, देवळाकडे की भाईंकडे ते मला कळलं नाही.

"आज ही गाडी हलणार न्हाई," भाई म्हणाले. "रुद्रेशला सांगतो डिस्क आन् बोल्ट धाडायला. मी बसतो हितं. तुम्ही एसटीनं जावा. उद्या गाडी घरपोच येईल. मी चालवणार न्हाई, चांगल्या पायाचा माणूस धाडतो."

"पण बदलल्यावर तपासणार कोण?" गुरुजींनी विचारलं.

"तुम्ही. चप्पल काढून एक चक्कर मारा आन् मला फोनवर सांगा. तुम्ही म्हणाल ते खरं."

अहमदपूरची एसटी आली तेव्हा दोन वाजून गेले होते. जाताना पार्वतीबाईंनी भंडाऱ्याची पुडी माझ्या हातात दिली. "हळदच हाय. त्यांची जखम धुवा आन् हे दाबून भरा. रक्त थांबंल." गुरुजींनी भाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि एसटीची घंटी वाजली तसे चढले.

देवळामागं पाण्याची टाकी आहे, तिला नळ. भाई कट्ट्यावर बसले, रुमाल सोडला आणि पाय नळाखाली धरून तोटी पूर्ण फिरवली. निवांत बसले होते, दमलेला माणूस बसतो तसे. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता.

"बरं वाटलं," ते म्हणाले. "गार हाय ना पाणी?"

मी पुडी घेऊन पुढं झाले आणि धारेखाली बोटं धरली. झटकन मागं घेतली. उन्हानं टाकी तापून पाणी उकळत्या आधणासारखं झालं होतं. त्यांचा तळवा लालभडक झाला होता.

हो भाई, गार आहे. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. महिनाभर हेच तर म्हणत होते मी, न बोलता.

"न्हाई भाई," मी म्हणाले आणि तोटी बंद केली. "चटका बसतोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाय बाजूला घेतला, तोटी थोडी फिरवली आणि धारेखाली हात धरला. हात चटकन मागं आला. ते त्या हाताकडे बघत राहिले, उलटा केला, सुलटा केला.

"हाताला कळतंय अजून," ते म्हणाले.

मी जखमेत हळद भरली, रुमाल बांधला. उजवी चप्पल पान्ह्यांच्या पिशवीत होती, ती आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. ते खाली वाकले. मग डोळ्यांनी बघत, हातानं एकेक बोट पट्ट्यात सरकवत, त्यांनी ती घातली.